आपला वॉर्ड परीक्षेला नेऊ नकोस

प्रश्न : ताई, मी मूळची कोल्हापूरची. बीएस्सी नर्सिंग, नंतर सात वर्षं आयसीयूत. लग्न होऊन न्यू जर्सीत आले. मुलगी चार वर्षांची आहे, वर्क परमिट आहे. दीड वर्ष कागदपत्रांत गेलं, सहा महिने अभ्यास केला आणि गेल्या महिन्यात एनक्लेक्स-आरएन दिली, म्हणजे इथे रजिस्टर्ड नर्सचं (आरएन) लायसन्स मिळवायची परीक्षा. पूर्ण १५० प्रश्न आले आणि स्क्रीन बंद झाली. नापास. आयुष्यात कधी एका विषयातही अडकले नव्हते. नवरा म्हणतो, ४५ दिवस झाले की लगेच बस, अभ्यास ताजा आहे. सासूबाई म्हणतात, पुरे झालं, डेकेअरमध्ये नोकरी बघ. आईला अजून ‘निकाल लागायचाय’ असंच सांगतेय. एका ग्रुपवर कुणीतरी ‘आलेले प्रश्न’ विकतंय, बऱ्याच जणी घेतात. मला कळत नाही, परत बसू का, कधी बसू, आणि त्याच पुस्तकांतून तोच अभ्यास केला तर निकाल वेगळा कसा लागेल? इथल्या नर्सिंग बोर्डाने पाठवलेल्या रिपोर्टाची प्रत सोबत जोडतेय.
(नाव छापू नका, एडिसन)

उत्तर :

अगं, तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न सगळ्यात शहाणा आहे. तोच अभ्यास करून निकाल वेगळा कसा लागेल? नाही लागणार. दुसऱ्यांदा बसणाऱ्यांचं पास व्हायचं प्रमाण पहिल्यांदा बसणाऱ्यांपेक्षा कमी असतं आणि त्याचं मोठं कारण हेच, की बहुतेक जणी तीच पुस्तकं, त्याच नोट्स, तेच व्हिडिओ पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात. तेव्हा परत बस, नक्की बस. पण ४५ दिवसांनी नाही. का ते सांगते.

आधी माझी लाज माझ्याच हाताने चव्हाट्यावर आणते, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. मी २००७ साली बसले. त्या वेळी प्रश्न ७५ पासून २६५ पर्यंत कितीही यायचे. मला सगळे २६५ आले. अकरा वर्षं कॅज्युअल्टीत काढलेली सिस्टर मी, अपघाताच्या केसेस एका हाताने सांभाळणारी. बाहेर पडले ते पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले, किल्ली फिरवायचीसुद्धा शुद्ध नव्हती. नापास झाल्यावर नवऱ्याला सांगितलं, ‘पेपर फार विचित्र होता.’ पेपर विचित्र नव्हता. मी ‘डॉक्टरांना कळवा’ या पर्यायावर इतक्या वेळा टिचकी मारून आले होते की त्या स्क्रीनवरचे सगळे काल्पनिक डॉक्टर वैतागले असतील. खरं म्हणजे मी परीक्षा माझ्या वॉर्डात बसून दिली होती, आणि ती परीक्षा त्या वॉर्डाची नव्हतीच.

तुझंही तेच झालंय. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही, तुझ्या रिपोर्टात लिहिलंय. नापास झालेल्यांनाच मिळणारा हा कागद बऱ्याच जणी रागाने न वाचताच खणात टाकतात. त्यात मार्क नसतात. प्रत्येक विभागापुढे तीनपैकी एक शेरा असतो : पास होण्याच्या पातळीच्या वर, जवळपास, किंवा खाली. तुझे शेरे बघ. शरीरातले बिघाड आणि त्यांवरचे उपचार, म्हणजे सात वर्षं आयसीयूत तू जे केलंस ते, पातळीच्या वर. औषधं जवळपास. संसर्ग आणि सुरक्षितता जवळपास. आणि खाली काय? ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’ आणि ‘सायकोसोशल’, म्हणजे पेशंटच्या मनाची बाजू. यातल्या पहिल्या विभागाचा पेपरात सगळ्यात मोठा वाटा असतो, साधारण १५ ते २१ टक्के. व्हेंटिलेटर कळणारी बाई कामाची वाटणी आणि पेशंटशी बोलणं यात नापास झाली. आता सांग, पुन्हा ईसीजीचा धडा पहिल्यापासून वाचून काय होणार?

दीडशे प्रश्नांचं कोडंही सोडवून टाकू, कारण ते तुझ्या डोक्यात घोळतंय असं दिसतं. आपल्याकडे प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक यायचे, आठव व्हायव्हा. पहिलं उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न जरा अवघड. अडखळलीस की एक पायरी खाली. शेवटी त्यांना अंदाज यायचा, ही कुठवर पोचते. एनक्लेक्सचा कॉम्प्युटर १९९४ पासून हेच करतोय. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, त्यातले १५ फक्त पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायला घातलेले आणि मार्कांत न धरलेले. तू पातळीच्या वर आहेस किंवा खाली आहेस याची ९५ टक्के खात्री झाली की मशीन थांबतं. तुझ्या बाबतीत १५० पर्यंत त्याची खात्रीच होईना. म्हणजे तू रेघेच्या अगदी आसपास घुटमळत होतीस आणि शेवटी किंचित खाली राहिलीस. आणि पेपरभर जे वाटत होतं ना, ‘निम्मं चुकतंय माझं’, ते पास होणारीलाही वाटतं. मशीन मुद्दामच तुझ्या कुवतीच्या काठावरचे प्रश्न काढतं.

आणखी एक. भारतात किंवा अशाच बाहेरच्या देशांत शिकून आलेल्यांत पहिल्या फटक्यात पास होणाऱ्या निम्म्याच्या आसपास असतात. अमेरिकेतच शिकलेल्यांत हेच प्रमाण दहात जवळजवळ नऊ. आपल्या मुली मठ्ठ असतात का? एखाद्या सरकारी इस्पितळात चाळीस पेशंटची नाईट काढून बघा म्हणावं. फरक अकलेचा नाही. त्या मुलींना शिकताना जो वॉर्ड दिसतो, तोच पेपरात येतो. आपला येत नाही.

आता तो वॉर्ड कसा असतो ते बघ. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना एक प्रश्न घालते, माझ्याच मनचा आहे. सकाळची ड्यूटी. तुझ्या हाताखाली एक सहायक आहे, नर्सिंगचं लायसन्स नसलेली. तिला कुठलं काम देशील? नुकत्याच भरती झालेल्या बाईंची पहिली तपासणी. काल अर्धांगाचा झटका आलेल्या आजोबांना पहिल्यांदा भरवणं. ऑपरेशनला दोन दिवस झालेल्या, तब्येत स्थिर असलेल्या गृहस्थांना धरून चालवणं. किंवा नवीन मधुमेही पेशंटला इन्सुलिन कसं टोचायचं ते दाखवणं.

आपल्याकडची मुलगी बिनदिक्कत आजोबांना भरवण्यावर बोट ठेवते. का नाही ठेवणार? आपल्या वॉर्डात भरवतं कोण? सून भरवते, मावशी भरवते, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायकोसुद्धा भरवते. पण त्या आजोबांना गिळता येतंय का हे अजून कुणी तपासलेलं नाही. पेज श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया. तिथे नजर लागते ती शिकलेल्या नर्सची. पहिली तपासणी, पेशंटला शिकवणं, झालेल्या उपचाराचा परिणाम जोखणं आणि नर्सिंगमधले निर्णय, ही आरएनची कामं, दुसऱ्याच्या गळ्यात घालायची नाहीत. एलपीएनला (लायसन्स असलेली, पण आरएनच्या खालच्या पायरीची नर्स) स्थिर पेशंट दे, नेहमीची औषधं दे. सहायकाला आंघोळ, चालवणं, स्थिर पेशंटचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप), इनटेक-आउटपुट (किती प्यायला, किती लघवी झाली). म्हणून उत्तर तिसरं. ही वाटणी तू पाठ करून नाही जमणार. तुझ्या हाडात सात वर्षांची सवय मुरलीय, की जी रिकामी दिसेल तिला हाक मारायची.

‘डॉक्टरांना कळवा’चंही तसंच. आपण काहीही झालं की आधी आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोन लावतो, कारण न लावल्याबद्दल बोलणी खाल्लेली असतात. एनक्लेक्सच्या वॉर्डात नर्सला स्वतःला हात आहेत असं गृहीत धरलेलं असतं. रक्त चढवताना पेशंट थंडीने कुडकुडायला लागला, कंबर दुखते म्हणाला. आधी रक्त बंद. मग नवीन सेट लावून सलाईन चालू ठेव, शीर हातची जाऊ देऊ नकोस. मग फोन. धाप लागलेल्याला आधी उठून बसव. पण उलटी बाजूही लक्षात ठेव : प्रश्नातच तपासणी झालेली असेल, तुला करता येण्यासारखं सगळं झालेलं असेल आणि पेशंट घसरतच असेल, तर फोन हेच बरोबर. म्हणून ‘फोन कधीच नाही’ असा नियम कुणी शिकवत असेल तर ऐकू नकोस. दरवेळी एकच विचार : मी आत्ता, या मिनिटाला, माझ्या हक्कात बसणारं काही करू शकते का?

सायकोसोशलमध्ये मात्र तुला चांगुलपणा नडलाय. आजी विचारतात, ‘सिस्टर, मी आता वाचत नाही ना?’ आपण काय म्हणतो? ‘असं अभद्र बोलू नका आजी, काही होत नाही तुम्हाला, देव आहे.’ आपल्या आजींना याने खरंच धीर येतो, मी शेकड्यांनी बघितलंय. पेपरात मात्र हे खोटं आश्वासन, सरळ चूक. तिथे आजींना म्हणायचं, ‘तुम्हाला भीती वाटतेय. कशाची वाटतेय, सांगा बरं मला.’ आणि गप्प बसून ऐकायचं. तसंच, मुलगा दारात गाठून सांगतो, ‘बाबांना कॅन्सरचं कळू देऊ नका.’ आपण मान डोलावतो. तिथे आजार बाबांचा, माहिती बाबांची, मुलाला काय सांगायचं तेही बाबाच ठरवणार. भाषा येत नसलेल्या पेशंटसाठी सुनेला दुभाषी करायचं नाही, इस्पितळाचा प्रशिक्षित दुभाषी बोलवायचा. (हे शेवटचं मला आजही कोरडं वाटतं. पण एकदा एका सुनेने सासूचं दुखणं अर्धंच भाषांतर केलेलं मी स्वतः पाहिलं, तेव्हापासून वाद घालत नाही.)

तर अभ्यास कसा करायचा. जाड पुस्तक बंद. रोज साठ-सत्तर प्रश्न सोडव, त्याहून जास्त नको, आणि सोडवायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ उत्तरांचं स्पष्टीकरण वाचायला दे, बरोबर आलेल्या प्रश्नांचंही. एक दोनशेपानी वही कर. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एकच शब्द लिहायचा : ‘माहीत नव्हतं’, ‘नीट वाचलं नाही’ किंवा ‘माझा वॉर्ड’. पैज लावते, पंधरा दिवसांत तिसरा शब्द सगळ्यात जास्त वेळा दिसेल. माझ्या वहीत पानंच्या पानं तोच होता. ‘माहीत नव्हतं’ निघालं तरच पुस्तक उघड, आणि तेवढंच पान वाच.

औषधांची नावं वेगळी घोकून घे, हा फुकटचा तोटा आहे. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनॅलिनचं एपिनेफ्रिन, सॅल्ब्युटॅमॉलचं अल्ब्युटेरॉल, पेथिडिनचं मेपेरिडिन. पेपरात ब्रँड नाही, मूळ नाव येतं. आणि आपण तर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतले ब्रँड वाचूनच मोठ्या झालो.

१ एप्रिल २०२३ पासून पेपरात केस स्टडी आल्या, त्या तू बघितल्याच असशील. मोजायच्या तीन, प्रत्येकीत सहा प्रश्न, आणि सहाही एका नर्सच्या डोक्यातल्या क्रमानेच येतात : काय दिसतंय, त्याचा अर्थ काय, सगळ्यात घातक शंका कुठली, काय काय करता येईल, आत्ता काय करते, आणि केल्यावर फरक पडला का. आयसीयूवाल्या मुलींना या केसेस खरंतर सोप्या जायला हव्यात. अडतं ते एकाच जागी. आपण ‘दिसतंय’वरून थेट ‘करते’वर उडी मारतो, मधलं सगळं हातच करून टाकतात. सरावाला बसशील तेव्हा मधल्या पायऱ्या मोठ्याने बोल, मराठीतून बोललीस तरी चालेल. आणि ‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रकारात आता अर्धे मार्कही मिळतात, पण चुकीचा पर्याय निवडलास तर मिळालेल्यातला एक जातो. म्हणून प्रत्येक पर्यायाला एकटं उभं करून हो की नाही विचार. ‘हाही घेऊन ठेवू’ हे भाजीबाजारात ठीक.

आता तारखेचं. ४५ दिवस ही कमीत कमी थांबायची मुदत आहे, मुहूर्त नाही. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं प्रेमापोटीच आहे, पण जो अभ्यास ताजा आहे तोच तर बदलायचाय. मी तुझ्या जागी असते तर दहा ते बारा आठवडे घेतले असते. सहा महिने मात्र घेऊ नकोस, धार जाते. कागदांना आजच हात घाल : बोर्डाकडे पुन्हा अर्ज, परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे पुन्हा २०० डॉलर, मग परीक्षेची नवीन परवानगी. त्या परवानगीलाही मुदत असते, साधारण ९० दिवस. ती आली की त्याच दिवशी तारीख घेऊन टाक, नाहीतर एडिसनच्या आसपास सोयीची जागा मिळत नाही आणि मग भल्या पहाटे दोन तास गाडी मारावी लागते. किती वेळा बसता येतं, किती वर्षांत पास व्हावं लागतं याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, तेव्हा मैत्रिणीने दुसऱ्या राज्यातलं सांगितलेलं प्रमाण मानू नकोस, आपल्या बोर्डाचंच बघ.

आणि नाव! आपल्या मराठी बायकांचं हे कायमचं दुखणं. डिग्रीवर माहेरचं आडनाव आणि मधे वडील, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवरा, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गायबच. मागच्या वेळी जुळलं असेल, पण मधल्या काळात लायसन्स नवीन केलं असशील तर पुन्हा ताडून बघ. परवानगीपत्रावरचं नाव आणि हातातलं ओळखपत्र जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात आणि फीही जाते. माझ्या ओळखीतली एक मुलगी अशी रडत परत आली होती.

‘आलेले प्रश्न’ विकणाऱ्याचं मी एका वाक्यात संपवणार होते, पण तू भोळी आहेस म्हणून दोन लिहिते. परीक्षेला बसताना गुप्ततेच्या अटी तू मान्य केल्या आहेस, त्या मोडणारीचं लायसन्स मिळण्याआधीच धोक्यात येतं. आणि प्रश्नांचा साठा इतका मोठा आहे आणि मशीन प्रत्येकीला वेगळे प्रश्न काढतं, की ती पाठांतराची शंभर पानं तुझ्या पेपराला बहुधा शिवणारही नाहीत. ग्रुपमधून बाहेर पड.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांना तुझं परीक्षेचं टेन्शन दिसतं, पगार दिसत नाही. त्यांना वाद नको घालू, त्यांच्याकडे काम माग : ‘आई, बारा आठवडे रोज नऊ ते बारा मुलीला तुम्ही बघा, मी लायब्ररीत जाते.’ घरात अभ्यास होत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजत बसतो आपण. इथल्या सार्वजनिक लायब्ररीत बसायला पैसे पडत नाहीत. आणि मुदत ठरलेली दिली की घरचे सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांचा जीव घाबरतो तो ‘किती दिवस चालणार हे’ या प्रश्नाने. डेकेअरपेक्षा एखाद्या इस्पितळात आठवड्याचे चार तास स्वयंसेवक म्हणून मिळतात का बघ. पेशंटला हात लावू देणार नाहीत, पण कोण कुणाला काय काम सांगतं आणि काय सांगत नाही, हे उभ्याउभ्या दिसेल. तुझा खाली राहिलेला विभाग तिथे चालताबोलता आहे.

परीक्षेच्या दिवशी, मागच्या वेळी मधे उठलीस का ते तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक नसशील, आपण उठत नाही, पाच तास खुर्चीला चिकटून बसतो. दोन तासांनी मशीनच विचारतं, थांबायचंय का. थांब. वेळ त्यातलाच जातो, जाऊ दे. तोंडावर पाणी मार, दोन घास खा. शंभराव्या प्रश्नानंतर डोकं थकतं आणि थकलेलं डोकं धावत आपल्या जुन्या वॉर्डात शिरतं.

राहिली आई. तिला आज सांग. खोटं एकदा बोललं की ते सांभाळायलाही रोज तासभर जातो, तो तास मला तुझ्या वहीसाठी हवाय. फक्त आपल्या रात्री साडेनऊला फोन करू नकोस, तेव्हा तिकडे सकाळचे सात आणि नळाला पाणी आलेलं असतं, ती एका हाताने बादली भरत अर्धवट ऐकेल. अर्ध्या-पाऊण तासाने कर, ती चहा घेऊन बसलेली असेल. आणि पंधरा दिवसांनी वहीत ‘माझा वॉर्ड’ किती वेळा आलं ते मोजून मला कळव.